पॉवर बीआयमधील निष्क्रिय संबंध: बेरजेसाठी भक्कम, ओळीतल्या शोधासाठी अपुरे

मालाच्या एका मागणीला किमान तीन तारखा असतात. मागणी नोंदवली जाते ती एक, माल गोदामातून निघतो ती दुसरी आणि बिल तयार होते ती तिसरी. विक्रीच्या टेबलात या तिन्ही तारखा तीन वेगळ्या रकान्यांत बसतात, पण प्रत्येक तारखेचा महिना, तिमाही आणि आर्थिक वर्ष सांगणारे तारखांचे टेबल मात्र एकच असते. आकडेवारीचे अहवाल तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये या दोन टेबलांत तीन संबंध, म्हणजे रकान्याला रकान्याशी जोडणारे दुवे, आखता येतात, परंतु त्यांपैकी एकच सक्रिय राहतो. मॉडेलच्या, म्हणजे टेबले आणि त्यांचे संबंध यांच्या आकृतीत तो सलग रेषेने दिसतो आणि उरलेले दोन निष्क्रिय संबंध तुटक रेषेने. या तुटक रेषेच्या पलीकडचे मूल्य अलीकडे कसे आणायचे आणि त्यासाठी पॉवर बीआयने दिलेली साधने कितपत कामाची आहेत, हे या परीक्षणात पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो: बेरीज, सरासरी, मोजणी असे एकत्रित आकडे काढायचे असतील तर ही व्यवस्था अतिशय चांगली आहे, पण एकेका ओळीत दुसऱ्या टेबलातले मूल्य आणायचे असेल तर ती अपुरी पडते, आणि हा भेद हे सॉफ्टवेअर पडद्यावर कुठेही स्पष्ट करत नाही.

ही रचना पॉवर बीआयच्या आधीची आहे. एक्सेल २०१० साठी पॉवर पिव्होट नावाची जोड आली, तेव्हा डॅक्स ही सूत्रभाषाही तिच्यासोबत आली. त्या पहिल्या आवृत्तीत दोन टेबलांमध्ये एकाहून अधिक संबंध जोडण्याची सोयच नव्हती. २०१२ च्या आवृत्तीत ती सोय आली, आणि यूजरिलेशनशिप (निष्क्रिय संबंध जागा करणारे) व लुकअपव्हॅल्यू (मूल्य शोधून आणणारे) ही दोन्ही फंक्शनेही तेव्हाच आली. २०१५ च्या जुलैमध्ये पॉवर बीआय सर्वांसाठी खुले झाले तेव्हा त्याने हेच इंजिन आणि हीच भाषा घेतली. त्यामुळे इथे जे लिहिले आहे त्यातील बराच भाग एक्सेलमधील पॉवर पिव्होट वापरणाऱ्यांनाही लागू पडतो.

एकाच संबंधाला सक्रिय ठेवण्याचा नियम सुरुवातीला जाचक वाटतो, पण त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. अहवालात कोणी ‘एप्रिल’ निवडले, तर तो फिल्टर तारखांच्या टेबलातून विक्रीच्या टेबलाकडे जाताना त्याला एकच वाट असायला हवी. तीन वाटा एकाच वेळी खुल्या ठेवल्या, तर एप्रिलमध्ये मागणी आलेला माल दाखवायचा, एप्रिलमध्ये निघालेला दाखवायचा की एप्रिलमध्ये बिल झालेला, हे इंजिनाला ठरवता येणार नाही. ही अडचण थेट संबंधांपुरतीच नाही. ग्राहकाच्या टेबलातही नोंदणीची तारीख असेल आणि ग्राहकाचे टेबल विक्रीशी जोडलेले असेल, तर तारखेपासून विक्रीपर्यंत ग्राहकामार्गे आणखी एक आडवाट तयार होते. अशा वेळी पॉवर बीआय नवा संबंध सक्रिय करू देत नाही आणि दोन टेबलांत अप्रत्यक्ष मार्ग आधीच अस्तित्वात असल्याचा संदेश देते. संदिग्ध उत्तर देण्यापेक्षा स्पष्ट नकार देणे मला अधिक प्रामाणिक वाटते, आणि म्हणून या नियमाबद्दल माझी तक्रार नाही.

तुटक रेषा जागी करण्याचे काम यूजरिलेशनशिप करते. हे फंक्शन स्वतः कोणतेही मूल्य परत करत नाही. कॅल्क्युलेट (गणना कोणत्या फिल्टरखाली करायची ते बदलणारे फंक्शन) किंवा त्याच्यासारख्या, फिल्टर स्वीकारणाऱ्या फंक्शनात ते एक घटक म्हणून लिहायचे असते, आणि त्याच्या कंसात संबंधाच्या दोन टोकांचे रकाने द्यायचे असतात. एकूण विक्रीचे मेझर, म्हणजे अहवालातील निवडीनुसार एकत्रित आकडा मोजणारे सूत्र, आधीच तयार असेल, तर कॅल्क्युलेटमध्ये ते मेझर आणि त्यापुढे यूजरिलेशनशिपमध्ये विक्रीतील बिलाची तारीख व तारखांच्या टेबलातील तारीख, एवढेच लिहून ‘बिलानुसार विक्री’ हे नवे मेझर तयार होते. तेवढ्या गणनेपुरता बिलाच्या तारखेचा संबंध जागा होतो, मागणीच्या तारखेचा बाजूला होतो, आणि गणना संपताच सगळे पूर्ववत होते. मॉडेलच्या रचनेला धक्का लागत नाही. संबंध मॉडेलमध्ये आधीपासून आखलेला मात्र असावा लागतो; नसलेला संबंध यूजरिलेशनशिप निर्माण करू शकत नाही आणि तसा प्रयत्न केल्यास चूक दाखवते.

आपल्याकडे या सोयीचे मोल विशेष आहे, कारण आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या मागण्यांची बिले अनेकदा एप्रिलमध्ये होतात. विक्री विभागाच्या दृष्टीने अशी मागणी सरत्या वर्षाची असते, लेखा विभागाच्या दृष्टीने तेच बिल नव्या वर्षाचे असते, आणि दोन्ही विभागांचे आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. एकाच तक्त्यात महिन्यांच्या ओळी मांडून शेजारी ‘मागणीनुसार विक्री’ आणि ‘बिलानुसार विक्री’ असे दोन स्तंभ ठेवले, की मार्च आणि एप्रिल यांच्या ओळींत हा फरक लगेच दिसतो आणि दोन विभागांतला वाद आकड्यांवरून समजुतीने मिटवता येतो. वर्षारंभापासूनची बेरीज काढतानाही हे जमते: टोटलवायटीडीमध्ये वर्षअखेर ३१ मार्च अशी सांगता येते, आणि ती संपूर्ण गणना यूजरिलेशनशिपसह कॅल्क्युलेटमध्ये गुंडाळली, की बिलाच्या तारखेनुसार आर्थिक वर्षाची चढती बेरीज मिळते. एक तारखांचे टेबल, एक स्लायसर (पानावरील निवडीची चौकट) आणि तीन दृष्टिकोन, हे या रचनेचे खरे बळ आहे आणि त्यासाठी मी तिला मनापासून दाद देतो.

मात्र मेझरमध्येही एक जागा अशी आहे जिथे जाणती माणसेही अडखळतात. कॅल्क्युलेटला दिलेले फिल्टर हे बाहेरच्या, म्हणजे आधीपासून लागू असलेल्या जुन्या संदर्भात मोजले जातात, आणि यूजरिलेशनशिपचा परिणाम त्यानंतर आतल्या गणनेवर होतो. त्यामुळे एखाद्याने त्याच कॅल्क्युलेटमध्ये शेजारी फिल्टर फंक्शन लिहून, त्यात विक्रीच्या टेबलावर ओळीओळीने फिरत रिलेटेडने, म्हणजे जोडलेल्या टेबलातले मूल्य आणणाऱ्या फंक्शनाने, वर्ष तपासले, तर ते वर्ष मागणीच्या तारखेचे येते, बिलाच्या तारखेचे नाही. सूत्र चूक दाखवत नाही, आकडा येतो, आणि तो चुकीचा असतो. अशी अट थेट तारखांच्या टेबलातील रकान्यावर लावली, तर हा प्रश्न उद्भवत नाही. म्हणून यूजरिलेशनशिप असलेल्या कॅल्क्युलेटमध्ये संपूर्ण टेबलाचा फिल्टर लिहू नये, रकान्याचा लिहावा, हा नियम मी प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगावा अशा मताचा आहे.

आता मूळ अडचणीकडे येतो. विक्रीच्या टेबलातच ‘बिलाचे आर्थिक वर्ष’ असा एक रकाना हवा आहे, म्हणजे प्रत्येक ओळीसमोर तारखांच्या टेबलातून उचललेले एक मूल्य हवे आहे, असे समजा. सक्रिय संबंधासाठी याचे उत्तर सोपे आहे: कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये (प्रत्येक ओळीत सूत्राने भरल्या जाणाऱ्या रकान्यात) रिलेटेड लिहायचे आणि हवा तो रकाना सांगायचा. रिलेटेड चालू ओळ पाहते, सक्रिय संबंधावरून ‘अनेक’ बाजूकडून (विक्रीतील अनेक ओळी) ‘एक’ बाजूकडे (तारखेची एकच ओळ) जाते आणि मूल्य घेऊन येते. निष्क्रिय संबंधासाठी साहजिकच मनात येते की रिलेटेडला कॅल्क्युलेटमध्ये ठेवावे आणि शेजारी यूजरिलेशनशिप लिहावे. वाचायला हे सूत्र अगदी निर्दोष वाटते, पण ते चालत नाही. पॉवर बीआय सांगते की हा रकाना अस्तित्वात नाही किंवा चालू संदर्भातील कोणत्याही टेबलाशी त्याचा संबंध नाही.

हा संदेश वाचून माणूस संबंध तपासायला धावतो, आणि संबंध तर समोर तुटक रेषेने दिसत असतो. खरे कारण वेगळे आहे. कॅल्क्युलेट सुरू होताच चालू ओळीचा संदर्भ फिल्टरच्या संदर्भात रूपांतरित होतो, त्यामुळे आत ‘चालू ओळ’ अशी काही उरतच नाही. रिलेटेडला तर चालू ओळ हवी असते. म्हणजे दोष संबंधाचा नसून ओळ हरवल्याचा आहे, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. इतक्या वर्षांच्या उत्पादनात, इतक्या वारंवार येणाऱ्या परिस्थितीसाठी इतका दिशाभूल करणारा संदेश राहावा, याचे मला वाईट वाटते, कारण शिकणाऱ्याचा आत्मविश्वास अशाच ठिकाणी खचतो.

यूजरिलेशनशिपच्याच आधाराने कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये हे काम करून घेण्याचा एक मार्ग आहे. बाहेरच्या कॅल्क्युलेटमध्ये यूजरिलेशनशिप आणि तारखांच्या टेबलावरचे सगळे फिल्टर काढणारे ऑल लिहायचे, आणि आतल्या कॅल्क्युलेटमध्ये हव्या त्या रकान्याची वेगवेगळी मूल्ये देणारे व्हॅल्यूज लिहून विक्रीचे टेबल फिल्टर म्हणून द्यायचे. ऑल यासाठी लागते, की ओळीचा संदर्भ फिल्टरमध्ये बदलताना तो जुन्या सक्रिय संबंधावरून तारखांच्या टेबलापर्यंत पसरलेला असतो, आणि तो पुसला नाही तर मागणीची तारीख व बिलाची तारीख या दोन्ही अटी एकमेकींवर आदळतात. हे सूत्र चालते, आणि डॅक्स आतून कसे विचार करते हे समजून घेण्यासाठी त्याचा अभ्यास जरूर करावा. पण रोजच्या कामाच्या मॉडेलमध्ये ते ठेवू नये. पुढे ते मॉडेल सांभाळणाऱ्या व्यक्तीला त्याचा अर्थ लावताना त्रास होईल. शिवाय ओळींना एकमेव ओळख नसलेल्या टेबलात कॅल्क्युलेट वापरणारे दोन कॅल्क्युलेटेड कॉलम केले, की वर्तुळाकार अवलंबित्वाची, म्हणजे दोन रकाने एकमेकांवर अवलंबून असल्याची, चूक पुढ्यात येऊन उभी राहते.

योग्य साधन लुकअपव्हॅल्यू हे आहे. त्याला आधी कोणता रकाना हवा ते सांगायचे, मग कोणत्या रकान्यात शोधायचे आणि त्यानंतर काय शोधायचे. आर्थिक वर्षाचा रकाना, तारखांच्या टेबलातील तारीख आणि विक्रीतील बिलाची तारीख, असे तीन घटक दिले की काम झाले. या फंक्शनाला सक्रिय, निष्क्रिय किंवा कोणताच संबंध लागत नाही. ते मूल्यावर मूल्य जुळवते. शोधण्याच्या अटींच्या जोड्या एकाहून अधिक देता येतात, म्हणून वस्तूचा क्रमांक आणि राज्य अशा दोन अटींवर करदर किंवा किंमत शोधायची असली तरी ते उपयोगी पडते, आणि इथे त्याची उपयुक्तता संबंधांच्याही पलीकडे जाते, कारण पॉवर बीआयमधील संबंध फक्त एकेका रकान्यावरच जोडता येतो.

जुळणारी ओळ सापडली नाही तर लुकअपव्हॅल्यू रिकामे मूल्य देते, आणि शेवटी पर्यायी उत्तर दिलेले असेल तर ते देते. ज्या मागणीचे बिल अजून व्हायचे आहे तिथे ‘बिल प्रलंबित’ असे लिहून येणे अहवाल वाचणाऱ्याच्या दृष्टीने मोठी सोय आहे. त्यासाठी आर्थिक वर्षाचा रकाना ‘२०२४-२५’ अशा मजकूर स्वरूपात असावा, कारण एका कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये कुठे संख्या आणि कुठे मजकूर असे मिश्रण चालत नाही.

एक्सेलमधील व्हीलुकअपवर हात बसलेल्यांना लुकअपव्हॅल्यूची एक गोष्ट सुरुवातीला खटकते, पण माझ्या मते तीच त्याची सर्वांत चांगली गोष्ट आहे. व्हीलुकअप पहिली जुळणारी ओळ उचलते आणि पुढे पाहतच नाही. लुकअपव्हॅल्यूला पर्यायी उत्तर दिलेले नसताना अनेक ओळी जुळल्या आणि त्यांतील उत्तरे वेगवेगळी निघाली, तर ते एक मूल्य अपेक्षित असताना अनेक मूल्ये आल्याची चूक दाखवते. उत्तरे सारखीच असतील तर मात्र ते एकच उत्तर शांतपणे देते. विमानतळांच्या टेबलाचे उदाहरण घेऊ. राज्याच्या रकान्यात ‘गोवा’ शोधून विमानतळाचे नाव मागितले, तर दाबोळी हा एकच विमानतळ असेपर्यंत सूत्र बिनतक्रार चालत राहील. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथून उड्डाणे सुरू झाली आणि त्या टेबलात गोव्याची दुसरी ओळ आली, की हेच सूत्र चूक दाखवू लागेल. व्हीलुकअपने अशा वेळी वरची ओळ दाबोळीची असेल तर दाबोळी हेच उत्तर देत राहून मोपाची सगळी उड्डाणे दाबोळीच्या नावावर टाकली असती, आणि कोणालाही पत्ता लागला नसता. चूक दाखवून थांबणे त्या दिवशी गैरसोयीचे वाटेल, पण चुकीचा आकडा संचालकांच्या बैठकीत मांडला जाण्यापेक्षा ती गैरसोय शतपटीने बरी. शोध एकमेव असलेल्या रकान्यातच करावा, म्हणजे राज्यात नव्हे तर विमानतळाच्या तीन अक्षरी संकेतात करावा, हे यातून आपोआप कळते.

दुसरी अडचण तारखांना चिकटलेल्या वेळेची आहे. बिलाच्या रकान्यात तारखेसोबत सकाळचे ११ वाजून २० मिनिटे अशी वेळही साठवलेली असेल, आणि तारखांच्या टेबलात फक्त दिवस असेल, तर लुकअपव्हॅल्यूला काहीच जुळणार नाही. रकान्याचे दर्शनी स्वरूप ‘फक्त तारीख’ असे केले तरी आतली वेळ तशीच राहते, त्यामुळे डोळ्यांना दोन्ही मूल्ये सारखी दिसतात आणि उत्तर मात्र रिकामे येते. संबंधालाही हेच लागू आहे. पॉवर क्वेरीत (डेटा मॉडेलमध्ये येण्यापूर्वी तो तयार करण्याच्या भागात) रकान्याचा प्रकार तारीख असा करून वेळ वेगळी काढली, की दोन्ही गोष्टी मार्गी लागतात.

वेगाबद्दल थोडक्यात सांगतो. कॅल्क्युलेटेड कॉलममधील लुकअपव्हॅल्यू रिफ्रेशच्या, म्हणजे डेटा नव्याने भरण्याच्या वेळी एकदाच मोजले जाते आणि त्याचे उत्तर साठवले जाते, म्हणून अहवाल उघडणाऱ्याला त्याची झळ बसत नाही. मेझरमध्ये कोट्यवधी ओळींवर फिरत प्रत्येक ओळीसाठी ते चालवले, तर मात्र वाट पाहावी लागेल. हेच मूल्य पॉवर क्वेरीत मर्ज करून किंवा मूळ डेटाबेसच्या क्वेरीतच जोडून आणता येत असेल, तर तो मार्ग मी आधी निवडेन. जोडणी मॉडेलमध्ये येण्यापूर्वी झाली, की तो रकाना इतर रकान्यांसारखाच दाबून साठवला जातो आणि डॅक्समध्ये एक सूत्र कमी सांभाळावे लागते. संबंधाशिवाय फिल्टर पोहोचवायचा असेल, तर ट्रीटॅज हे फंक्शनही आहे; ते एका टेबलातील मूल्ये दुसऱ्या टेबलातील रकान्यावर फिल्टर म्हणून बसवते. पण मॉडेलमध्ये आखलेला संबंध, निष्क्रिय असला तरी, इंजिनाला अधिक वेगाने वापरता येतो, म्हणून संबंध आखता येत असताना ट्रीटॅजकडे वळण्याचे कारण मला दिसत नाही.

या सगळ्याला एक जुना आणि सरळ पर्याय आहे, तो म्हणजे टेबलाची प्रत करणे. तारखांच्या टेबलाची ‘बिलाची तारीख’ नावाची प्रत तयार करून तिच्याशी बिलाच्या रकान्याचा सक्रिय संबंध जोडला, की रिलेटेड नेहमीसारखे चालते, यूजरिलेशनशिपची गरज संपते, आणि एरवी अशक्य असलेली एक गोष्ट शक्य होते. एकाच टेबलावर सक्रिय आणि निष्क्रिय संबंध ठेवले, तर वाचकाला ‘मार्चमध्ये मागणी आलेला आणि एप्रिलमध्ये बिल झालेला माल’ असे दोन्ही बाजूंनी निवडता येत नाही, कारण स्लायसर एकच आहे. दोन टेबले असतील तर दोन स्लायसर ठेवता येतात आणि ओळींत मागणीचा महिना व स्तंभांत बिलाचा महिना असा आडवा-उभा तक्ताही मांडता येतो.

विमानांच्या उदाहरणात तर हा पर्याय अपरिहार्य आहे. उड्डाणाच्या प्रत्येक ओळीत निघण्याचे ठिकाण आणि पोहोचण्याचे ठिकाण असे दोन संकेत असतात, आणि पुण्याहून गोव्याला जाणारी उड्डाणे किती, हा प्रश्न विचारणाऱ्याला दोन्ही टोके एकाच वेळी हवी असतात. तिथे एकच विमानतळांचे टेबल ठेवून दुसरे टोक तुटक रेषेवर सोडणे म्हणजे वाचकाचा सर्वांत स्वाभाविक प्रश्नच अडवणे होय. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मार्गदर्शनातही शक्य तिथे सक्रिय संबंधांना प्राधान्य द्यावे असेच सांगितले आहे, आणि तो सल्ला मला योग्य वाटतो. तारखांचे टेबल काही हजार ओळींचे असते, त्याच्या प्रतीमुळे मॉडेल जड होत नाही. ग्राहकांचे टेबल लाखो ओळींचे असेल, तर मात्र प्रत करताना विचार करावा लागेल.

प्रत केल्यावर काही कामे वाढतात, हेही सांगितले पाहिजे. डॅक्समधून मूळ टेबलाचे नाव लिहून प्रत करणे अगदी सोपे आहे, पण कोणते रकाने लपवलेले होते आणि कोणत्या हायरार्की (वर्ष-तिमाही-महिना अशा उतरंडी) बनवलेल्या होत्या, ही मांडणी प्रतीत उतरत नाही. ती नव्याने करावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रकान्यांची नावे बदलावी लागतात. दोन टेबलांत ‘वर्ष’ आणि ‘वर्ष’ अशीच नावे राहिली, तर तक्त्याच्या मथळ्यावरून कोणते वर्ष ते कळणार नाही. ‘मागणी वर्ष’ आणि ‘बिल वर्ष’ अशी नावे देण्याचा कंटाळा करू नये.

निष्क्रिय संबंधांवर उभ्या असलेल्या अहवालांत मला सर्वांत धोकादायक वाटणारी गोष्ट सूत्रांत नसून पडद्यावर आहे. एकाच पानावर ‘एप्रिल’ हा एक स्लायसर असतो, त्याखाली एका कार्डावर मागणीनुसार आकडा आणि दुसऱ्यावर बिलानुसार आकडा असतो, आणि कोणता आकडा कोणत्या तारखेवर उभा आहे याची कोणतीही खूण पॉवर बीआय स्वतःहून देत नाही. तपशिलाच्या पानावर हे आणखी बिघडते. वाचक बिलानुसार विक्रीच्या आकड्यावर उजवे बटण दाबून ड्रिलथ्रूने तपशील उघडतो, तिथे विक्रीचे रकाने असलेला तक्ता असतो, आणि त्या तक्त्यात कोणतेही मेझर नसेल तर फिल्टर सक्रिय संबंधावरूनच जातो. म्हणजे वर आकडा एप्रिलमध्ये बिल झालेल्या मालाचा आणि खाली यादी एप्रिलमध्ये मागणी आलेल्या मालाची. बेरीज जुळत नाही आणि वाचकाचा संपूर्ण अहवालावरचा विश्वास उडतो. त्या तक्त्यात बिलानुसार विक्रीचे मेझर घालावे, किंवा व्हिज्युअलच्या फिल्टरमध्ये ते मेझर ठेवून ‘रिकामे नाही’ अशी अट लावावी, म्हणजे यादी आकड्याशी जुळते. हा उपाय सोपा आहे, पण तो माहीत असावा लागतो.

सुरक्षेचा मुद्दाही मॉडेल आखतानाच पाहावा. ओळींच्या पातळीवरची सुरक्षा, म्हणजे विभागीय व्यवस्थापकाला फक्त आपल्या विभागाच्या ओळी दिसाव्यात अशी व्यवस्था, सक्रिय संबंधांवरूनच पसरते. ज्या टेबलावर अशी मर्यादा घातली आहे त्याच्यापर्यंत यूजरिलेशनशिपने पोहोचण्याचा प्रयत्न केला, तर सूत्र चालत नाही आणि चूक येते. हे बरोबरच आहे, कारण सूत्र लिहून संबंध बदलता आला तर सुरक्षेला वळसा घालता आला असता. पण विक्री अधिकारी आणि वसुली अधिकारी असे कर्मचाऱ्यांच्या एकाच टेबलाकडे जाणारे दोन संबंध असतील आणि त्याच टेबलावर सुरक्षा लावायची असेल, तर टेबलाची प्रत करण्यावाचून पर्याय नाही. हा निर्णय अहवाल तयार झाल्यावर घेण्याची वेळ आली, तर बरेच काम पुन्हा करावे लागते.

मेझरची संख्या वाढत जाणे ही निष्क्रिय संबंधांची आणखी एक किंमत आहे. विक्री, नफा, नग आणि सरासरी दर या चार मेझरना तीन तारखांनी गुणले की बारा मेझर झाली. कॅल्क्युलेशन ग्रुप हा त्यावरचा चांगला उपाय आहे. ‘मागणीनुसार’, ‘निघाल्यानुसार’ आणि ‘बिलानुसार’ असे तीन घटक एकदाच लिहायचे, प्रत्येकात निवडलेल्या मेझरला योग्य यूजरिलेशनशिप लावायचे, आणि मग वाचकाने स्लायसरमधून तारखेचा प्रकार निवडायचा. पूर्वी यासाठी बाहेरचे टॅब्युलर एडिटर हे साधन लागत असे. २०२३ पासून पॉवर बीआय डेस्कटॉपमध्येच ते करता येते. असा ग्रुप केला की रकाना नुसता ओढून त्याची आपोआप बेरीज करून घेण्याची सोय बंद होते आणि प्रत्येक आकड्यासाठी मेझर लिहावे लागते, हे मात्र आधी ठाऊक असावे. ज्या मॉडेलमध्ये मेझर शिस्तीने लिहिलेली आहेत त्यात याचा त्रास होत नाही, आणि वाचकाने निवडलेला तारखेचा प्रकार पानावर डोळ्यांसमोर राहत असल्याने वर सांगितलेला गोंधळही बराच कमी होतो.

नवे मॉडेल हाती आले की सर्वप्रथम मॉडेल व्ह्यूमध्ये जाऊन सलग रेषा नेमकी कोणत्या रकान्यावर आहे ते पाहावे. डेटा भरताना पॉवर बीआय सारख्या नावांच्या रकान्यांवरून संबंध आपोआप ओळखते, आणि त्या भरात कामाचा नसलेला संबंध सक्रिय होऊन बसतो. ही स्वयंचलित ओळख चालू फाइलच्या पर्यायांतून बंद करता येते आणि ती बंदच ठेवावी. ज्या तारखेवर संस्थेतील बहुसंख्य प्रश्न विचारले जातात ती सक्रिय असावी. त्याचा निर्णय हिशेब पाहणाऱ्यांशी बोलून घ्यावा, सॉफ्टवेअरवर सोडू नये.

पॉवर बीआय डेस्कटॉप विनामूल्य उतरवून घेता येते आणि फक्त विंडोजवर चालते, त्यामुळे या परीक्षणातील प्रत्येक गोष्ट वाचकाला विंडोजच्या संगणकावर स्वतः करून पाहता येईल. सरावासाठी मायक्रोसॉफ्टचा ॲडव्हेंचर वर्क्स हा नमुना डेटाबेस उत्तम आहे, कारण त्यातील इंटरनेट विक्रीच्या टेबलात मागणीची, देय आणि रवानगीची अशा तीन तारखा आहेत आणि तिन्ही तारखांच्या एकाच टेबलाकडे जातात. ज्यांचे काम महिन्यावार, तिमाहीवार बेरजांचे आहे, त्यांनी निष्क्रिय संबंध आणि यूजरिलेशनशिप निःशंकपणे वापरावे. ज्यांना ओळीओळीत मूल्य हवे आहे, त्यांनी लुकअपव्हॅल्यू किंवा आधीच केलेली जोडणी स्वीकारावी. आणि ज्यांच्या वाचकांना दोन्ही टोके एकाच वेळी निवडायची आहेत, त्यांनी टेबलाची प्रत करावी. मायक्रोसॉफ्टकडून माझी अपेक्षा दोनच गोष्टींची आहे: रिलेटेडमध्ये कोणत्या संबंधावरून जायचे ते सांगण्यासाठी आणखी एक घटक द्यावा, आणि तो देईपर्यंत निदान चूक दाखवणाऱ्या त्या संदेशात तरी लिहावे की संबंध आहे, पण तो निष्क्रिय आहे किंवा कॅल्क्युलेटमुळे चालू ओळ उरलेली नाही.